36 मुलं, 36 सारखीच आकाशं

एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

‘मी तिसरीला शिकवते. पट 36. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनासाठी व्हॅन गॉगचं ‘तारांकित रात्र’ सगळ्या वर्गाकडून काढून घेतलं. मी फळ्यावर एकेक पायरी काढून दाखवली, मुलांनी जलरंगात केलं. आकाश शेवाळी हिरवं झालं, कागद फुगले आणि सगळी चित्रं सारखीच दिसायला लागली. सात-आठ पालकांनी तर घरी स्वतःच काढून पाठवलं. यंदा मुख्याध्यापकांना ‘थोर चित्रकारांचं दालन’ हवं आहे. 35 मिनिटांच्या चार तासिका आणि 1500 रुपये हाताशी आहेत. एका पालकांनी विचारलं, परदेशीच चित्रकार का, राजा रविवर्मा का नको? आणि मलाही खटकतं की ही शेवटी नक्कलच ना? कोणाला घ्यावं, कसं करून घ्यावं?’

सप्रेम नमस्कार बाई,

आधी हिरव्या आकाशाबद्दल, कारण त्यात मुलांची चूक काहीच नाही. ‘तारांकित रात्र’ हे 1889 सालचं तैलचित्र आहे. तैलरंग दाट असतो, ब्रश जिथे टेकला तिथेच राहतो आणि वाळायला कित्येक दिवस घेतो. पिवळ्या ताऱ्याशेजारी निळा फटकारा मारला तरी दोघं आपापल्या जागी राहतात. जलरंग वाहतो. ओल्या पिवळ्याला ओला निळा लागला की हिरवा होणारच. पहिला रंग वाळेपर्यंत थांबायचं तर 35 मिनिटांची तासिका तेवढ्यातच संपते. त्यात चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद एका बाजूने पाणी पितो, तीच बाजू फुगते आणि खळग्यांमध्ये रंग साचतो. म्हणजे साधन एका जातीचं आणि चित्र दुसऱ्या जातीचं, अशी ही गत होती.

तेच आकाश पुन्हा करायचं असेल तर तारे, चंद्र आणि वाऱ्याचे फटकारे आधी तैलखडूने, कागदाचा पांढरा दिसणार नाही इतके दाबून काढून घ्या. मग वरून निळ्याचा एकच हात. चमचाभर पोस्टर कलरला चार-पाच चमचे पाणी घाला. तैलखडूवर हे पाणी टिकत नाही, थेंब होऊन बाजूला सरकतं. थेंब झाले नाहीत आणि रंग खडूवर चढला, तर रंग दाट आहे, पाणी वाढवा. ब्रश एका दिशेने न्यायचा आणि पुन्हा मागे आणायचा नाही. घासलं की खडू उखडतो आणि सगळं मळकट होतं. पण यंदा हे चित्र नकोच, असं आम्ही म्हणू.

कारण खरी अडचण हिरव्या रंगाची नाही. फळ्यावर ‘आता इथे झाड, आता इथे चंद्र’ असं काढून दाखवलं की मुलं व्हॅन गॉगकडे पाहत नाहीत, फळ्याकडे पाहतात. चित्रकाराचं चित्र घेऊ नका, त्याची काम करण्याची एक रीत घ्या. एकच. व्हॅन गॉगची म्हणाल तर छोटे फटकारे आणि वस्तू ज्या दिशेला वळते त्याच दिशेने ते ओढणं. ही रीत घेऊन एकाला शाळेमागचा ओढा काढता येईल, दुसऱ्याला मांजर.

त्यासाठी चित्र दाखवायची पद्धत बदलावी लागेल. मोबाइल फिरवून 36 मुलांना चित्र दिसत नाही. ए-थ्री आकाराची रंगीत प्रत काढून फळ्यावर लावा आणि पाच मिनिटं फक्त बघू द्या. ‘कसं आहे?’ असं विचारलं की ‘छान’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा ‘सगळ्यात मोठा आकार कुठे आहे?’, ‘हा रंग आणखी कुठे कुठे आलाय?’, ‘हे कशाने केलं असेल, ब्रशने की कात्रीने?’ असे प्रश्न टाका. उत्तरं मुलांनी फळ्याजवळ येऊन बोट ठेवून द्यायची. आणि काम सुरू करायच्या आधी ती प्रत काढून कपाटात ठेवा. समोर चित्र असलं की आठ वर्षांचं मूल त्याच्यासारखंच काढायचा प्रयत्न करतं, जमलं नाही की रबर हातात घेतं. समोर नसलं की लक्षात राहिलेली रीत तेवढी उरते. चित्रकाराचं चरित्रही दोन वाक्यांत आटपा. व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापला हे एकदा सांगितलं की मुलांना वर्षभर कानच आठवतो.

नकलेबद्दल म्हणाल, तर ते मुळात पाप नाही. मुंबईच्या कलाशाळेचे, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याच्या भिंतिचित्रांच्या नकलाच केल्या आणि त्यातून ते शिकले. पण ते मोठे विद्यार्थी होते, रेषेवर हुकमत असलेले. तिसरीच्या मुलाला नकलेतून फक्त ‘आपल्याला येत नाही’ एवढंच कळतं.

आता निवड. चार तासिकांत चार चित्रकार बसवू नका. दोन पुरे, प्रत्येकाला दोन तासिका. फ्रेंच चित्रकार आन्री मातीस आणि आपले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे ही जोडी घ्या. एकाची कात्री, दुसऱ्याची पांढरी रेघ. दोघांचं साहित्य शाळेत मिळणाऱ्या साहित्याच्या अगदी जवळचं आहे आणि निवडताना हीच कसोटी लावा.

मातीस (1869–1954) यांची 1941 साली मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांचा बराच वेळ अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत गेला. तिथून पुढे त्यांनी कात्री हातात धरली. मदतनीस पांढऱ्या कागदांना एकेका रंगाचा हात देऊन ठेवत. मातीस त्या कागदातून, बहुतेक वेळा काही न आखता, थेट आकार कातरत. ते आकार भिंतीवर टाचण्यांनी लावत, हलवून बघत आणि मनासारखं झाल्यावर चिकटवलं जाई. त्यांचं 1953 सालचं ‘गोगलगाय’ हे चित्र सुमारे 2.86 मीटर उंच आणि जवळजवळ तेवढंच रुंद आहे. वर्गात दोरीने मोजून दाखवा, मुलं ‘बापरे’ म्हणतील. ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. त्यांचा रंग गुआश, म्हणजे आपल्या पोस्टर कलरचाच भाऊबंद, पाण्यात मिसळणारा अपारदर्शक रंग. म्हणून इथे साधनाची गडबड होत नाही.

रंगीत घोटीव कागद आणून हे काम करायचा मोह होईल, पण करू नका. घोटीव कागद मागून पांढरा असतो, चिकटवताना गुंडाळतो आणि सगळ्यांचा लाल एकसारखा असतो. मुलांनी रंगवलेल्या कागदावर ब्रशचे ओरखडे राहतात आणि त्यानेच कातरलेल्या आकारात जीव येतो.

कार्ट्रिज पेपरच्या 18 मोठ्या शीट घ्या, साधारण 22 × 30 इंचांच्या. प्रत्येकीचे चार केले की 72 पाव शीट होतात. 36 रंगवायला, 36 चिकटवायला. पैसे कमी पडले तर ब्रश कमी आणा, कागदात काटकसर नको.

पहिल्या तासिकेत सहा-सहा मुलांचे सहा गट करा आणि प्रत्येक गटाला एकच रंग द्या: पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा, निळा, काळा. गटात एकच रंग असल्यामुळे ब्रश धुवायचा प्रश्नच येत नाही आणि पाण्याचे डबेही लागत नाहीत. पाणी सांडणं, रंग गढूळ होणं, रांगा लागणं, हे सगळं इथेच टळतं. एका पाव शीटला चहाचे दोन चमचे रंग लागतो. सांडलवंड धरून एका गटाला 75 मिलिलिटर पुरतो, सहा रंगांचा मिळून अर्धा लिटरच्या आत. रंग इडलीच्या पिठाइतका दाट ठेवा. पातळ झाला तर कागद फुगतो आणि खालचा पांढरा दिसतो. सपाट ब्रश सहाच असले तरी चालेल. बाकीच्यांना गादीच्या फोमचे दोन बोटं रुंदीचे तुकडे द्या, त्यांनी उलट लवकर रंगतं. कडेपर्यंत रंगवायला सांगा. मुलं सवयीने चौकट सोडतात.

रंगवण्याआधी कागदाच्या मागे पेन्सिलने नाव घालायचं. रंगवल्यावर घालतो म्हटलं की गेलंच. ओले कागद दोरीवर टांगू नका. दाट रंग ओघळतो आणि चिमट्याचे वळ उठतात. व्हरांड्यात वर्तमानपत्रावर आडवे पसरा आणि कोपऱ्यांवर खडे ठेवा. वाळल्यावर कागद रंगाच्या बाजूने आत वळतो. तो पूर्ण वाळला की मध्ये वर्तमानपत्र घालून वह्यांच्या गठ्ठ्याखाली रात्रभर दाबून ठेवा. रंगाला रंग लावून ठेवलात तर दमट हवेत एकमेकांना धरतात.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक रंगीत कागदाचे चार तुकडे करा. 144 तुकडे झाले, म्हणजे मुलाला चार. चारही वेगळ्या रंगांचे, पण कोणते ते मुलाने ठरवायचं. त्या दिवशी घरून येताना एक-दोन पानं आणायला सांगा: पपई, शेवगा, जास्वंद, एरंड, जे सापडेल ते. पपईच्या पानाची कड बोटाने फिरवून बघायची, कुठे आत जाते, कुठे टोक येतं. मग पान बाजूला ठेवून कात्री.

‘बाई, पेन्सिलने आखू?’ हे पहिल्या मिनिटातच ऐकू येईल. नाही म्हणा. आखलं की मूल रेघ सांभाळत कातरतं, आकार भित्रा होतो आणि रंगावरची पेन्सिल पुसली जात नाही. कात्री एका जागी धरायची आणि दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा. बहुतेक मुलं उलट करतात, कागद स्थिर ठेवून कात्रीच्या मागे मनगट मुरडतात, म्हणून वळण तुटक येतं. टोकाने टचटच न कापता पात्यांच्या बुडाशी कागद नेऊन लांब चाल घ्यायची. डावखुऱ्या मुलांना साध्या कात्रीत कागद कापला न जाता दुमडतो. ती मुलं हळू वाटतात, पण दोष कात्रीचा असतो. डावखुऱ्यांची एक कात्री मिळाली तर घ्या, नाहीतर त्यांना हातानेच फाडू द्या.

दोन गोष्टी आधीच बजावून ठेवा. कागदाला घडी घालायची नाही, नाहीतर पाच मिनिटांत बदाम आणि चांदण्यांचा पाऊस पडतो. आणि निदान एक आकार स्वतःच्या तळहाताएवढा हवा. लहान मुलं लहान लहान कपचे करतात आणि मग ते पांढऱ्या कागदावर विखुरलेले दिसतात. कातरून उरलेला भाग टाकू देऊ नका. पान कापल्यावर कागदात राहिलेलं पानाच्या आकाराचं भोक हाही आकारच आहे. मातीसही उरलेले तुकडे वापरत.

तासिकेची मधली दहा मिनिटं चिकटवायला काही द्यायचंच नाही. चार रंगांचे आकार कागदावर फक्त मांडायचे आणि निदान तीनदा हलवायचे. एक आकार दुसऱ्यावर चढू दे, एखादा कागदाच्या कडेला जाऊन भिडू दे. सगळं मधोमध आणि सुटं सुटं ठेवायची मुलांची खोड इथे मोडते. मातीस टाचण्या वापरत ते याचसाठी. चिकटवणं सगळ्यात शेवटी, आणि कोरडं. पोस्टर कलर वाळला तरी पाणी लागलं की पुन्हा सुटतो. पातळ डिंक कडेने बाहेर आला की लाल रंग पांढऱ्या कागदावर पसरतो. ग्लू स्टिक किंवा घट्ट खळ मागच्या बाजूला पातळ लावा आणि कोरड्या फडक्याने दाबा. खळ घरी करणार असाल तर एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायचं. टिकावी म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. मोरचूद विषारी असतो, मुलांच्या खळीत तो घालू नका. खळ दोन दिवसांत संपवा.

दुसरी जोडतासिका जिव्या सोमा म्हसे (1934–2018) यांची. वारली चित्रं शाळाशाळांतून इतकी काढली जातात की ती कोणी माणसांनी घडवली हेच विसरायला होतं. लग्नाचा चौक सुवासिनींनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहायचा, ही वारल्यांची रीत. डहाणू तालुक्यातल्या म्हसे यांनी त्या विधीपलीकडे जाऊन रोज कागदावर काढायला सुरुवात केली आणि त्यांच्यामुळे वारली पुरुषही हे काम करू लागले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मासे पकडायच्या जाळ्याचं त्यांचं चित्र मिळवून दाखवा. बारीक पांढऱ्या रेघांची जाळी, कागदभर. त्यासमोर आपल्याकडच्या गणवेशाच्या खिशावर छापलेल्या ‘वारली’ बाहुल्या अगदीच निर्जीव दिसतात.

एक पथ्य पाळा. मध्ये पालघट देवी असलेला लग्नाचा चौक मुलांना सजावट म्हणून काढायला देऊ नका, तो पूजेचा आहे. वर्गात वारली कुटुंबातलं मूल असेल तर आधी त्याच्या घरच्यांना विचारा, जमलं तर बोलवा. माहिती त्यांच्याकडून यावी.

कागद म्हणून वह्यांना घालायचा खाकी कव्हरचा कागद उत्तम. स्वस्त, आणि मातीच्या भिंतीचा रंग आयता मिळतो. त्याची एक बाजू गुळगुळीत असते, तिच्यावर पांढरा रंग धरत नाही. खरखरीत बाजू वर ठेवा. गेरूच हवा असेल तर पाव किलो गेरूला दोन वाट्या पाणी आणि चार चमचे फेव्हिकॉल. चिकट काही घातलं नाही तर वाळल्यावर गेरू सगळ्यांच्या बोटांना, गणवेशाला आणि शेवटी पालकांच्या बोलण्यात येतो. गेरूचा हात कार्ट्रिजवर द्यायचा, खाकी कागद त्याने सुरकुततो.

पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ बारीक चाळून तासभर भिजवा. चार चमचे पिठाला साधारण सहा चमचे पाणी आणि एक चमचा डिंकाचं पाणी. डिंक नसेल तर वाळल्यावर रेघा झडतात, जास्त झाला तर पिवळट चकाकतात. वेळ नसेल तर सरळ पांढरा पोस्टर कलर वापरा, त्यात काही बिघडत नाही. वारली चित्रकार बांबूची काडी टोकाला चावून मऊ करतात. वर्गात खराट्याचा हीर बोटभर तोडून टोक किंचित ठेचून द्या. शून्य नंबरचा ब्रश तिसरीच्या हातात एका तासात फिसकटतो. काडी बुडवून उचलल्यावर थेंब लगेच गळला तर रंग पातळ आहे. काडी ओढताना रेघ दोन इंचांतच तुटली तर दाट.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे माणसं सावधानमध्ये उभी राहतात. दोन त्रिकोण टोकाला टोक, वर गोल डोकं, हात दोन्हीकडे, अशी रांग. त्रिकोण कुठे जोडले आहेत हेच मुलांना कळलेलं नसतं. ते कंबरेत जोडले आहेत आणि माणूस तिथूनच वाकतो. म्हणून रंगाला हात लावण्याआधी प्रत्येकाला कागदाचे दोन त्रिकोण आणि डोक्यासाठी एक मणी किंवा चिंचोका द्या. वरच्या त्रिकोणाची बाजू दोन इंच, खालचा थोडा लहान. एका मुलाला पुढे बोलवा. त्याने बादली उचलायला वाकायचं. बाकीच्यांनी बाकावर त्रिकोण फिरवून त्याला दाखवायचं: खालचा जवळजवळ तसाच, वरचा पुढे कललेला, चिंचोका आणखी पुढे. मग तोच मुलगा धावतो, लंगडी घालतो, दप्तर फेकतो. दहा मिनिटं हा खेळ झाला की कागदावरची माणसं हलायला लागतात. हात-पाय शेवटी, एकेका रेघेने, कोपर-गुडघा मोडून. वारली माणसाला सहसा नाक-डोळे-हसू नसतं. मुलं हळूच काढतात, तेव्हा ‘तो खूश आहे हे अंगावरून दाखव’ म्हणा.

विषय आयता देऊ नका. तारपा वाजवणारा मध्ये आणि भोवती नागमोडी साखळी हे सुंदर आहे, पण 36 वेळा नको. शाळेची खिचडी वाढताना, हापशावर पाणी भरताना, एसटीत चढताना. आजचे वारली चित्रकारही रेल्वे, बस काढतातच. आणि कागदाच्या चार बाजूंनी त्रिकोणांची पट्टी काढण्यात अर्धा तास घालवू देऊ नका. ती शेवटी, वेळ उरलाच तर.

दालन भरायला आणखी काही हवंच असेल आणि मुख्याध्यापकांनी पाचवी तासिका दिली, तर सय्यद हैदर रझा (1922–2016) घ्या. त्यांच्या चित्रांतला बिंदू खरं तर प्राथमिक शाळेतूनच आलेला आहे. मध्य प्रदेशातल्या खेड्यात शाळेत लक्ष लागत नसलेल्या या मुलाला मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसायला लावलं, असं ते सांगत. पुढे त्यांचं काही शिक्षण नागपूरला झालं, मग मुंबईला जे. जे.त, आणि 1950 साली ते पॅरिसला गेले. काळा बिंदू मध्ये आणि त्याच्या भोवती रंगांचे पट्टे. यातून रीत एवढीच घ्यायची की बघणाऱ्याची नजर मध्यावर येईल असे रंग शेजारी ठेवायचे. तैलखडू वापरा, आठ इंचांचा चौकोन पुरे, वाटीने गोल काढून घ्या. रंग तीनच निवडायला लावा. बारा रंगांची पेटी उघडी ठेवली की इंद्रधनुष्य येतं आणि बिंदू हरवतो. काळा सगळ्यात शेवटी भरायचा. आधी भरला तर त्याचे कण हाताबरोबर पिवळ्यावर ओढले जातात. हाताखाली कोरा कागद ठेवावा. पोस्टर कलरने करायचं असेल तर एक दिवस पिवळा-नारिंगी-लाल, दुसऱ्या दिवशी निळा-हिरवा. पहिल्या तिघांतले कोणतेही दोन मिसळले तरी बिघडत नाही. लाल आणि हिरवा ओले भेटले की मात्र चिखल.

राजा रविवर्मांबद्दल विचारणाऱ्या पालकांना सांगा की त्यांची ताकद तैलरंगातल्या कातडीत, रेशमात आणि दागिन्याच्या चमकेत आहे. तिसरीच्या हातात त्यातलं काही येत नाही, कागदावर उतरतो तो फक्त मुकुट. पण रविवर्मा बघायला आणि उभे करायला फार चांगले. एखादं चित्र लावा, आईची ओढणी आणि शाल आणा आणि चार मुलांना त्याच जागी, त्याच मानेने, त्याच हातांनी उभं करा. कोण कोणाकडे बघतंय हे तेव्हाच कळतं. त्याचा फोटो दालनात लावता येईल. पिकासोचे तुकड्यातुकड्यांचे चेहरे ‘गंमत’ म्हणून करून घेऊ नका, मुलं विनोद शिकतात, पिकासो नाही. आणि जॅक्सन पोलॉकसारखे रंगाचे शिंतोडे 36 मुलांकडून बंद वर्गात करवून घ्यायचे असतील तर भिंतींच्या रंगरंगोटीचा खर्च आधी मंजूर करून घ्या.

काम चालू असताना एकच नियम तुमच्यासाठी: मुलाच्या कागदावर आपला ब्रश टेकवायचा नाही. दाखवायचंच तर वेगळ्या चिठोऱ्यावर. एकाचं ‘सुधारून’ दिलं की पस्तीस कागद तुमच्यासमोर येतात.

लावताना सगळ्यांची चित्रं लावा, निवडक नको. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर. खाली ‘मातीसचं चित्र’ असं लिहू नका. मुलाचं नाव मोठं, त्याखाली ‘मातीसकडून घेतलं: न आखता कातरणं’, आणि त्याखाली मुलाने स्वतः सांगितलेलं एक वाक्य, त्याच्याच बोलीत. मूळ चित्राची प्रत दाराशी एकदाच, लहान आकारात. ती प्रत्येक चित्राशेजारी लावली की पाहुणे जुळवाजुळव करत बसतात आणि कोणाचं ‘हुबेहूब’ आलं याची चर्चा सुरू होते.

आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीही याच कामातून निघतात. ‘चित्र सुबक काढतो’ यापेक्षा ‘आकार हलवून दोन-तीन मांडण्या करून बघितल्या’, ‘वाकलेला माणूस त्रिकोण फिरवून दाखवला’, ‘उरलेल्या कागदाचा उपयोग सुचला’ असं लिहा. मूल काम करताना जे दिसलं ते त्याच दिवशी टिपून ठेवा, नंतर आठवत नाही.

राहिला पालकांचा प्रश्न. काहीही घरी पाठवू नका. अर्धवट राहिलेलं काम तारीख घालून वर्गातच एका खोक्यात ठेवा. गैरहजर मुलाला दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास द्या. रंगीत तुकडे थोडे जास्त काढून ठेवलेत तर त्याचं अडणार नाही. पालकसभेत मात्र एक काम पालकांना सांगा: जुनी वर्तमानपत्रं, फोमचे तुकडे आणि चिंचोके पाठवायला. आणि प्रदर्शनाच्या दिवशी दाराशी एक बाक मांडा, त्यावर रंगीत कागदाचे उरलेले कपटे, चार कात्र्या आणि खळ. ज्या आईबाबांचे हात शिवशिवतात त्यांनी तिथे बसून पेन्सिल न वापरता पपईचं पान कातरून दाखवावं.